सहकारी खरेदी संघ

सहकारी खरेदी संघ म्हणजे स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या व्यक्तींनी आपल्या व्यवसायास लागणारा माल, साधने व सेवा एकत्रितपणे विकत घेण्यासाठी स्थापन केलेली, सभासदांच्याच मालकीची संस्था होय. अशा संघाचा सभासद आपले दुकान, शेत, होडी, माग किंवा दवाखाना स्वतःच चालवतो. नफा-तोट्याची जबाबदारीही त्याचीच असते. मात्र पुरवठादाराशी भाव ठरवताना तो एकटा नसतो. व्यवसाय प्रत्येकाचा स्वतंत्र आणि खरेदी सर्वांची सामाईक, हे या संस्थाप्रकाराचे मुख्य लक्षण आहे.

शेतकरी, मच्छीमार, विणकर, किराणा दुकानदार, औषधविक्रेते आणि डोळे तपासून चष्मा देणारे ऑप्टोमेट्रिस्ट अशा अनेक व्यावसायिकांनी जगभर या प्रकारच्या संस्था उभारल्या आहेत. महाराष्ट्रात तालुका पातळीवरील शेतकरी सहकारी खरेदी-विक्री संघ हे त्याचे सर्वांत परिचित रूप आहे. बहुतेक संघ खरेदीखेरीज प्रशिक्षण, उधारी, साठवण, वाहतूक, हिशेब आणि तांत्रिक सल्ला अशा पूरक सेवाही पुरवतात.

स्वरूप

खरेदी संघ आणि घाऊक व्यापारी हे दोघेही मोठ्या प्रमाणात माल घेऊन तो छोट्या प्रमाणात देतात. त्यांतील भेद मालकीचा आहे. घाऊक व्यापाऱ्याकडील शिल्लक त्याच्या मालकाची असते. संघातील शिल्लक ग्राहकांचीच असते, कारण तेथे ग्राहक हाच मालक असतो.

संघ हा साखळी दुकानांहूनही वेगळा आहे. साखळीतील शाखांचा मालक एक असतो आणि शाखेतील माणूस नोकर किंवा परवानाधारक असतो. संघात प्रत्येक दुकानाचा मालक निराळा असतो. सभासदांनी एकच नाममुद्रा वापरायचे ठरवले, तरी तो निर्णय त्यांचा स्वतःचा असतो.

व्यावसायिकांच्या संघटनेशीही संघाची गल्लत होते. संघटना सभासदांच्या मागण्या मांडते, परिषदा भरवते आणि सरकारदरबारी प्रतिनिधित्व करते. खरेदी संघ प्रत्यक्ष व्यापार करतो. त्याला भांडवल, गोदाम, वसुली आणि लेखापरीक्षण यांची व्यवस्था ठेवावी लागते.

कार्यपद्धती

सभासद प्रथम भाग विकत घेऊन संघाचे भागभांडवल उभे करतात. त्यानंतर प्रत्येकाची मागणी गोळा केली जाते, तिची एकत्र यादी होते आणि उत्पादकाशी किंवा आयातदाराशी भाव ठरवला जातो. माल दोन प्रकारे पोहोचतो. पहिल्या प्रकारात संघ तो स्वतःच्या गोदामात उतरवून घेतो आणि तेथून वाटतो. दुसऱ्या प्रकारात पुरवठादार माल थेट सभासदाकडे पाठवतो, बिल मात्र संघाच्या नावे निघते आणि पैसे देण्याची हमी संघ घेतो. पहिल्या प्रकारात साठ्याची जोखीम असते, तर दुसऱ्यात सभासदाच्या थकबाकीची.

शिलकीची वाटणी हा या पद्धतीचा गाभा आहे. वर्षअखेरीस उरलेली रक्कम प्रामुख्याने सभासदाने केलेल्या खरेदीच्या प्रमाणात परत दिली जाते. भागभांडवलावरील लाभांशाला मर्यादा असते. त्यामुळे केवळ पैसे गुंतवून बसलेल्या सभासदापेक्षा संघाचा प्रत्यक्ष उपयोग करणाऱ्याला अधिक लाभ होतो.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चष्म्याची दुकाने चालवणारे २० सभासद महिन्याला प्रत्येकी ५० फ्रेम घेतात. एकट्या दुकानदाराला एक फ्रेम ३०० रुपयांना पडते. संघ १,००० फ्रेम एकदम घेतो म्हणून त्याला ती २४० रुपयांना मिळते. संघ ती सभासदाला २७० रुपयांना देतो आणि प्रत्येक फ्रेममागे त्याचा १० रुपये व्यवस्थापन खर्च होतो. महिन्याला २०,००० रुपये शिल्लक राहतात. त्यांतील चौथा हिस्सा, म्हणजे ५,००० रुपये, राखीव निधीत गेला आणि अन्य वैधानिक तरतुदी बाजूला ठेवल्या, तर उरलेले १५,००० रुपये फ्रेममागे १५ रुपये या दराने परत जातात. सभासदाला फ्रेम अखेर २५५ रुपयांना पडली आणि संघाकडे निधीही साठला. एखाद्या महिन्यात निम्म्या सभासदांनी बाहेरून माल घेतला, तर उत्पादक पूर्वीचा भाव देईलच असे नाही. गोदामाचे भाडे व नोकराचा पगार मात्र फारसा कमी होत नाही. उरलेल्या सभासदांसाठी फ्रेम महाग होते. संघाचे यशापयश बव्हंशी या एका गोष्टीवर अवलंबून असते.

इतिहास

इंग्लंडमधील रॉचडेल येथे २१ डिसेंबर १८४४ रोजी उघडलेले दुकान आधुनिक सहकारी चळवळीचा आरंभबिंदू मानले जाते. तेथील विणकर व अन्य कारागिरांनी लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या अशा मोजक्या वस्तूंनी हे दुकान सुरू केले. खरेदीच्या प्रमाणात शिल्लक परत देण्याची आणि प्रत्येक सभासदास एकच मत देण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर स्वीकारली गेली. हे दुकान घरगुती ग्राहकांचे होते. परंतु व्यावसायिकांच्या खरेदी संघांनीही तेच तत्त्व उचलले. जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ग्रामीण संस्थांनी पतपुरवठ्याबरोबर शेतीच्या साधनांची एकत्र खरेदीही हाती घेतली.

दुकानदारांच्या संघांपैकी जर्मनीतील एडेका हा ठळक दाखला आहे. १८९८ साली बर्लिनमधील किराणा दुकानदारांनी एकत्र येऊन खरेदी संस्था काढली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पुढे ‘एडेका’ हे नाव रूढ झाले. अमेरिकेत हार्डवेअर दुकानदारांची एस हार्डवेअर ही संस्था १९२४ साली सुरू झाली आणि १९७० च्या दशकात तिची मालकी दुकानदारांकडे आली. आंतरराष्ट्रीय सहकारी महासंघाची स्थापना १८९५ साली लंडन येथे झाली. त्याने १९९५ साली मँचेस्टर येथे सहकाराची सात तत्त्वे नव्याने मांडली. खुले सभासदत्व, लोकशाही नियंत्रण, सभासदांचा आर्थिक सहभाग आणि स्वायत्तता ही त्यांतील काही होत.

भारतात १९०४ च्या कायद्याने केवळ पतसंस्थांना मान्यता दिली होती. १९१२ च्या कायद्याने खरेदी, विक्री व उत्पादन यांसाठीही सहकारी संस्था काढण्याची वाट मोकळी केली. मुंबई प्रांताने १९२५ साली स्वतःचा कायदा केला. अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणी समितीने १९५४ च्या अहवालात पतपुरवठा आणि खरेदी-विक्री यांची सांगड घालण्याची शिफारस केली. कर्ज देणारी गावची सोसायटी आणि माल घेणारा-देणारा तालुक्याचा संघ परस्परांना जोडलेले असले, तर शेतकरी सावकार व अडत्या यांच्या दुहेरी पकडीतून सुटेल, अशी त्यामागची विचारसरणी होती.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रातील बहुतेक सहकारी संस्थांची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होते. सभासदांना लागणारे कर्ज, माल किंवा सेवा मिळवून देणे हा हेतू असलेल्या संस्थांचा समावेश या अधिनियमात केलेला आहे. वैयक्तिक सभासदांच्या संस्थेसाठी निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. भाग कितीही असले तरी सामान्यतः एका सभासदाला एकच मत असते. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जमा करावा लागतो आणि लाभांशाची मर्यादा साधारणतः १५ टक्के आहे. या तरतुदींचा हेतू संस्था गुंतवणूकदारांच्या हाती न जाता सभासदांच्या हाती राहावी, हा आहे.

एकाहून अधिक राज्यांत सभासद असलेल्या संस्थांना बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ लागू होतो. शेती व तत्सम उत्पादनात असलेल्यांसाठी उत्पादक कंपनी हा आणखी एक मार्ग आहे. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर कंपनी कायद्यात त्याची तरतूद झाली. ‘शेतकरी उत्पादक कंपनी’ या नावाने हा प्रकार आज ग्रामीण भागात सर्वपरिचित आहे.

महाराष्ट्रातील प्रमुख प्रकार

शेतकरी सहकारी खरेदी-विक्री संघ : खते, बियाणे, कीटकनाशके व अवजारे सभासदांना पुरवणे आणि हमीभावाने शेतमालाची खरेदी करणे, अशी दोन्ही कामे तालुका संघ करतात. राज्य पातळीवर १९५८ साली स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ या व्यवस्थेच्या शिखरावर आहे. खतांच्या क्षेत्रात १९६७ साली नोंदणी झालेली इफ्को ही संस्था देशभरातील सहकारी संस्थांच्याच मालकीची आहे. म्हणजे गावातील सोसायटीत खताची गोणी घेणारा शेतकरी दूरान्वयाने त्या खताच्या कारखान्याचाही भागधारक ठरतो.

मच्छीमार सहकारी संस्था : कोकण किनाऱ्यावरील या संस्था सभासदांना डिझेल, बर्फ, जाळी व दोर पुरवतात. होडी आणि मासळी सभासदाची असते. परंतु समुद्रावर जाण्यापूर्वीचा खर्च संस्थेच्या आधाराने भागतो.

विणकर सहकारी संस्था : हातमागावरील विणकरांसाठी सूत हा सर्वांत मोठा खर्च असतो. एकट्या विणकराला सूत उधारीवर घ्यावे लागते आणि त्याच व्यापाऱ्याला कापड विकावे लागते. सुताची एकत्र खरेदी झाल्यास हे बंधन सैल होते.

फळबागायतदारांच्या संस्था : १९९१ साली पुण्यात स्थापन झालेली महाग्रेप्स ही द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांची भागीदारी होय. निर्यातीबरोबरच वेष्टनसाहित्य आणि तांत्रिक मार्गदर्शन पुरवणे हेही तिचे काम राहिले आहे.

ग्राहकांचे संघ : मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ साली झाली. या चळवळीच्या आरंभकाळाशी बिंदुमाधव जोशी आणि गायक-संगीतकार सुधीर फडके यांची नावे जोडलेली आहेत. शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, पंचायत घाऊक खरेदी करते आणि कार्यकर्ते व सभासद मिळून माल वाटून घेतात. दुकानाचे भाडे आणि जाहिरातीचा खर्च नसल्याने भाव आटोक्यात राहतो. येथील सभासद व्यावसायिक नसून गृहस्थ असले, तरी मागणी एकत्र करून भाव ठरवण्याची रीत तीच आहे.

भीमाशंकर परिसरातील दाखले

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांत सामाईक खरेदीची निकड आणि तिची विविध रूपे एकाच टापूत पाहावयास मिळतात. भीमाशंकरच्या बाजूचा पश्चिम भाग डोंगराळ, अतिपावसाचा आणि प्रामुख्याने महादेव कोळी, ठाकर व कातकरी समाजांच्या वस्तीचा आहे. पूर्वेकडचा भाग घोड, मीना व कुकडी या नद्यांच्या पाण्यावर बागायती झाला आहे.

पूर्व भागात साधनांच्या खरेदीचा प्रश्न ठळक आहे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतकऱ्याला दर हंगामात बटाट्याचे बेणे विकत घ्यावे लागते. ते मुख्यतः पंजाबातून मंचरच्या बाजारात येते. बेण्याचा भाव आणि प्रत या दोन्ही गोष्टी पेरणीच्या तोंडावर ठरतात आणि त्या वेळी एकट्या शेतकऱ्याकडे थांबण्यास सवड नसते. जुन्नर तालुक्यातील द्राक्ष व टोमॅटो उत्पादकांनाही औषधे, खते व वेष्टनसाहित्य यांवर मोठा खर्च करावा लागतो. याच भागात आंबेगावातील दत्तात्रयनगर, पारगाव येथील भीमाशंकर आणि जुन्नरमधील विघ्नहर हे सहकारी साखर कारखाने आहेत. सहकारी साखर कारखाने हे मूलतः प्रक्रिया करणारे संघ असले, तरी ऊस बेणे व खते उधारीवर देऊन ती रक्कम उसाच्या बिलातून वळती करण्याची पद्धत त्यांच्यात रूढ आहे. वसुलीची हमी असल्यामुळे खरेदी संघाला सर्वाधिक छळणारा थकबाकीचा प्रश्न येथे बराचसा सुटतो.

पश्चिम भागातील चित्र उलट आहे. तेथे विकत घेण्यापेक्षा विकण्याच्या बाजूला माणूस एकटा पडतो. डोंगरातील हिरडा हे तेथील रोख उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन आहे. आठळी धरण्यापूर्वीची कोवळी फळे वेचून उन्हात वाळवली की त्यांना बाळहिरडा म्हणतात. आयुर्वेदीय औषधांसाठी त्याला मागणी असते. हिरडा वेचणारे अनेक आणि घेणारे थोडे, त्यात पावसाळ्याआधी माल काढून टाकण्याची घाई, यामुळे भाव घेणाराच ठरवतो. ही स्थिती पालटण्यासाठी १९७२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळाने आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्थांच्या मार्फत खरेदीची व्यवस्था उभारली. तिला महाराष्ट्र आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याबाबतच्या १९७६ च्या अधिनियमाचा आधार होता. २०१३-१४ पासून केंद्र सरकारने गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली; हिरड्याचा तिच्यात समावेश आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील हिरड्याचे मोठे नुकसान झाले आणि भरपाईसाठी आदिवासींना आंदोलने करावी लागली.

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयातील मासेमारी हा तिसरा दाखला होय. धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने मच्छीमार सहकारी संस्था उभी केली. जलाशयात मत्स्यबीज सोडणे आणि होड्या-जाळ्यांची सोय करणे ही कामे एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरची असतात. मासे मात्र प्रत्येक जण स्वतः पकडतो. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

नेत्रसेवेतील खरेदी संघ

डोळे तपासून चष्म्याचा नंबर ठरवणाऱ्या प्रशिक्षित व्यावसायिकास ऑप्टोमेट्रिस्ट म्हणतात. तो शस्त्रक्रिया करणारा नेत्रशल्यविशारद नव्हे, तसाच केवळ चष्मा विकणारा दुकानदारही नव्हे. पण पुष्कळदा तपासणी व विक्री ही दोन्ही कामे तो एकाच जागी करतो. भारतात राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ मध्ये या व्यवसायाचा समावेश करण्यात आला आहे.

या व्यवसायाची घडण खरेदी संघाला अनुकूल आहे. तपासणीचे शुल्क सामान्यतः अल्प असते आणि दुकानाचा खर्च बव्हंशी फ्रेम, भिंगे व कॉन्टॅक्ट लेन्स यांच्या विक्रीवर भागतो. फ्रेमचे असंख्य नमुने ठेवावे लागतात, त्यांतील बरेच पडून राहतात. भिंगांचे नंबर रुग्णागणिक बदलतात; साध्या नंबरांची भिंगे तयार मिळतात, परंतु तिरपा नंबर किंवा प्रोग्रेसिव्ह भिंग बहुधा प्रयोगशाळेतून घडवून आणावे लागते. तपासणीची यंत्रे महाग असतात. भिंगे व फ्रेम यांचे जागतिक उत्पादन काही मोजक्या कंपन्यांकडे एकवटत गेले आहे. एसिलॉर आणि लक्सॉटिका या दोन बलाढ्य कंपन्यांचे २०१८ साली झालेले एकत्रीकरण हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. भारतात टायटनने २००७ साली चष्म्यांची साखळी दुकाने सुरू केली आणि २०१० साली लेन्सकार्टचा उदय झाला. पुरवठादार मोठा आणि प्रतिस्पर्धीही मोठा, अशा स्थितीत स्वतंत्र व्यावसायिक दोन्ही बाजूंनी दबतो.

परदेशात या अडचणीवर सभासदांच्या मालकीचे समूह हा एक उपाय ठरला. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकापासून चष्मेविक्रेत्यांच्या सहकारी संस्था वाढत गेल्या. ऑप्टिक २००० व क्रिस ही त्यांतून पुढे आलेली ठळक नावे होत. तेथे दुकानदारांनी एकत्र खरेदीबरोबर समान नाममुद्रा आणि एकत्रित जाहिरातही स्वीकारली. ऑस्ट्रेलियात प्रोव्हिजन हा स्वतंत्र ऑप्टोमेट्रिस्टांचा समूह सभासदांच्या मालकीचा आहे. असे समूह खरेदीतील सवलतीबरोबर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, हिशेबाचे मार्गदर्शन आणि निवृत्त होणाऱ्या सभासदाचे दुकान तरुण सभासदाकडे सोपवण्यास साहाय्य अशा सेवाही देऊ शकतात. शेवटची सेवा विशेष महत्त्वाची आहे, कारण वारसदार न मिळालेले दुकान पुष्कळदा साखळीच्या हाती जाते.

मालकीचा भेद येथे किती निर्णायक ठरतो, हे अमेरिकेतील उदाहरणावरून दिसते. व्हिजन सोर्स हा स्वतंत्र ऑप्टोमेट्रिस्टांना सवलती व व्यवस्थापकीय साहाय्य देणारा तेथील मोठा समूह. तो २०१५ साली एसिलॉर या भिंगनिर्मात्या कंपनीने विकत घेतला. सभासदांना सवलती व सेवा पुढेही मिळत राहिल्या; पण खरेदी करणाऱ्यांच्या वतीने भाव ठरवणारा समूह आता विक्रेत्याच्या मालकीचा झाला. सभासदांच्या मालकीच्या सहकारी संस्थेत अशा विक्रीचा निर्णय सभासदांच्या सभेतच होऊ शकतो.

जुन्नर-आंबेगाव परिसरात नारायणगाव येथील मोहन ठुसे नेत्र रुग्णालयाने ग्रामीण व आदिवासी भागातील नेत्ररुग्णांसाठी दीर्घकाळ काम केले आहे. त्यामागील प्रेरणा डॉ. मनोहर डोळे यांची असून त्यांना २०२४ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला. हे रुग्णालय सेवाभावी संस्थेचे आहे, सभासदांच्या व्यापारी संघाचे नव्हे. शिबिरांतून तपासणी व शस्त्रक्रिया होऊ शकतात. परंतु वर्षभरात मोडलेली दांडी, चरे पडलेले भिंग किंवा बदललेला नंबर यांसाठी रुग्णाला जवळच्या बाजारगावातील चष्म्याच्या दुकानाकडेच जावे लागते. ते दुकान टिकणे आणि तेथील चष्मा परवडणे, या दोन्ही गोष्टी दुकानदाराला माल काय भावाने मिळतो यावर अवलंबून असतात. म्हणून लहान गावांतील स्वतंत्र व्यावसायिकाची खरेदी हा केवळ त्याच्या नफ्याचा प्रश्न राहत नाही.

मर्यादा व टीका

सभासदांची निष्ठा : बाहेरचा व्यापारी संघाला शह देण्यासाठी काही काळ भाव पाडतो. सभासद तिकडे वळले, तर संघाची उलाढाल घटते. संघ बंद पडल्यावर भाव पुन्हा चढतात. यावर उपाय म्हणून काही संघ किमान वार्षिक खरेदीची अट घालतात. कठोर अट सभासदाच्या स्वातंत्र्यावर गदा आणते आणि सैल अट निरुपयोगी ठरते.

भांडवल व उधारी : लाभांशावर मर्यादा असल्याने बाहेरील गुंतवणूकदार येत नाहीत. छोट्या सभासदांना माल उधारीवर हवा असतो, पुरवठादाराला मात्र पैसे वेळेवर हवे असतात. या दोहोंतील अंतर संघाला स्वतःच्या निधीतून किंवा कर्जातून भरून काढावे लागते. म्हणूनच राखीव निधीची तरतूद सभासदांना सुरुवातीस जाचक वाटली, तरी अडचणीच्या वर्षी तीच आधार ठरते.

मोठ्या सभासदांचे वर्चस्व : मत एकच असले तरी अधिक खरेदी करणाऱ्या सभासदाचा शब्द व्यवहारात जड ठरतो. कोणत्या कंपनीचा माल घ्यायचा हे त्याच्या सोयीने ठरू लागले की लहान सभासद दुरावतात.

राजकीय हस्तक्षेप : महाराष्ट्रातील सहकारी संस्था व स्थानिक राजकारण यांचा संबंध निकटचा आहे. नेतृत्वामुळे संस्थेला कर्ज, जमीन व परवाने मिळणे सुलभ होते. त्याच कारणाने नोकरभरती आणि उधारीच्या वसुलीत भिडस्तपणा शिरतो, अशी टीका वारंवार केली जाते.

स्पर्धाकायदा : एकत्र खरेदी करणे आणि एकत्र येऊन बाजार अडवणे यांत सीमारेषा आहे. औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेला भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ साली दंड केला. औषधांचे वितरक नेमण्यापूर्वी संघटनेचे ना-हरकत पत्र घेण्याची प्रथा स्पर्धेला बाधक आहे, असे आयोगाने ठरवले. ही संघटना खरेदी संघ नव्हती. तथापि सभासदांचे हित जपताना ग्राहकाचा मार्ग अडवला जाऊ नये, हा धडा खरेदी संघांनाही लागू पडतो. सभासदांनी विक्रीचा भाव परस्पर संगनमताने ठरवणे हे खरेदी संघाच्या कार्यकक्षेत येत नाही.

महत्त्व

सहकारी खरेदी संघ छोट्या व्यावसायिकाला मोठा करत नाही. लहान राहूनही त्याला टिकता यावे, एवढाच त्याचा हेतू असतो. गावाच्या दृष्टीने या टिकण्याला मोल आहे. स्वतःच्या दुकानाचा, होडीचा किंवा मागाचा मालक असलेला माणूस त्याच गावात राहतो, ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारी देतो आणि मालाबद्दल त्याच गिऱ्हाइकाला तोंड देतो. मात्र संघ म्हणजे स्वस्त मालाचे आणखी एक दुकान, अशी समजूत सभासदांत रुजली, की ते त्याच्याशी केवळ ग्राहकासारखे वागू लागतात आणि मालक म्हणून सभेला येईनासे होतात. रॉचडेलच्या विणकरांपासून तालुक्याच्या खरेदी-विक्री संघापर्यंत ज्या संस्था दीर्घकाळ टिकल्या, तेथे सभासदांनी स्वस्त माल घेण्याबरोबर हिशेब विचारण्याचे कामही चालू ठेवले, असे सहकाराच्या अभ्यासात आढळून येते.

हे सुद्धा पहा

सहकारी चळवळ
महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०
शेतकरी उत्पादक कंपनी
मुंबई ग्राहक पंचायत
आदिवासी विकास महामंडळ
हिरडा
डिंभे धरण
भीमाशंकर